बटण दाबलं, पण मशीन बंद झाली का?

गेल्या अंकात मी सहज लिहून गेलो की व्हर्च्युअल मशीन माउसने क्लिक क्लिक करत चालवण्यापेक्षा कमांड लाइनने चालवा, आणि त्या कमांडींवर पायथनची एक छोटी लायब्ररी चढवा, म्हणजे मशीन चालू करणं, स्नॅपशॉट मारणं, परत जुन्या स्थितीला नेणं ही सगळी हमाली स्क्रिप्ट करेल नि तुम्ही चहा प्यायला मोकळे. एवढंच लिहिलं होतं. चहा राहिला बाजूला, इतके मेल आले की माझा अख्खा रविवार त्यात गेला. बरेचसे एकाच जातीचे आहेत, त्यामुळे पहिल्याला सविस्तर उत्तर दिलंय, बाकीच्यांनी ते वाचूनच खाली यावं ही विनंती. ज्यांना विषयच नवीन आहे त्यांच्यासाठी दोन ओळी: व्हर्च्युअल मशीन म्हणजे कंप्युटरच्या पोटातला कंप्युटर, त्याची डिस्क वेगळी, रॅम वेगळी, विंडोज नाहीतर लिनक्स वेगळं. आणि स्नॅपशॉट म्हणजे त्या पोटातल्या कंप्युटरची एका क्षणाची स्थिती जपून ठेवलेली, पाहिजे तेव्हा तिथे परत जाता येतं. व्हर्च्युअलबॉक्स हा अशा मशिनी चालवणारा प्रोग्रॅम, व्हीबॉक्समॅनेज ही त्याची कमांड, आणि होस्ट म्हणजे तुमचा बाहेरचा खरा कंप्युटर.

प्रश्न : दादा, मी ऐरोलीला टेस्टिंगमध्ये आहे. व्हर्च्युअलबॉक्सवर तीन मशिनी आहेत, रोज सकाळी तिन्ही स्वच्छ पाहिजेत. पायथनमधून व्हीबॉक्समॅनेजची कंट्रोलव्हीएम एसीपीआयपॉवरबटन कमांड देतो, एक्झिट कोड शून्य येतो म्हणजे ओके, आणि लगेच पुढच्या ओळीत स्नॅपशॉट रिस्टोअर. कधी चालतं, बहुतेक वेळा मशीन लॉक आहे म्हणून एरर. मध्ये तीस सेकंदांचा स्लीप टाकला तर माझ्याकडे चाललं पण बाजूच्या डेस्कवर परत तेच. नव्वद टाकू का?
(एक वाचक, डोंबिवली पूर्व)

उत्तर : नव्वद नको, एकशेऐंशी पण नको. स्लीप वाढवत नेणं म्हणजे कुठे दुखतंय ते न बघता बाम चोळणं.

बेस्टच्या बसमध्ये एक टोला म्हणजे थांब, दोन टोले म्हणजे चल, हे आपण लहानपणापासून ऐकतोय. पण तो एक टोला पडल्या पडल्या दारातून उडी टाकणारा माणूस तुम्ही बघितला असेल. टोला हा ड्रायव्हरला निरोप असतो हो, बस अजून धावतच असते. तुमची स्क्रिप्ट तो उडी टाकणारा माणूस आहे.

ती कमांड नेमकं काय करते बघा. कॅबिनेटवरचं पॉवरचं बटण कोणीतरी एकदा दाबलं, एवढा इशारा ती आतल्या ऑपरेटिंग सिस्टिमला पोचवते आणि परत येते. शून्य आलं म्हणजे इशारा पोचला, बास. पुढे आतलं विंडोज काय करेल ती त्याची मर्जी. कोणीतरी नोटपॅडमध्ये काहीतरी टाइप करून सेव्ह न करता सोडलं असेल तर ते विचारत बसेल की हे सेव्ह करायचं का, आणि पडद्यासमोर तर कोणीच नाही, मग बसा. अपडेट लावायचे असतील तर तो गोल चक्र फिरवत बसेल. लिनक्सच्या एखाद्या अगदी मिनिमल इन्स्टॉलमध्ये एसीपीआयचा इशारा ऐकणारं कोणी नसेल तर काहीच होणार नाही, तुम्ही दिवसभर बटण दाबत राहा. बाजूच्या डेस्कवर यातलंच काहीतरी होतंय, म्हणून तुमचे तीस सेकंद तिथे कामाला येत नाहीत.

म्हणून कमांड दिल्यावर विचारायचं. शोव्हीएमइन्फो या कमांडला डॅश डॅश मशीनरीडेबल लावलं की मशीनची सगळी कुंडली ओळीओळीने मिळते, डावीकडे नाव, मध्ये बरोबरचं चिन्ह, उजवीकडे किंमत. त्यात व्हीएमस्टेट नावाची एक ओळ असते, तिच्यात रनिंग, पॉवरऑफ, सेव्ह्ड, पॉझ्ड, अबॉर्टेड, स्टॉपिंग यातलं काहीतरी लिहिलेलं असतं. तुमच्या लायब्ररीत एक फंक्शन लिहा जे दर सेकंदाला ही ओळ वाचतं आणि ठरवलेल्या मुदतीपर्यंत, समजा दोन मिनिटं, वाट बघतं. त्याच्या आत बंद झाली तर ठीक, नाही झाली तर पॉवरऑफ कमांड, म्हणजे सरळ वायर उपटायची. मुदत मोजायला टाइम मॉड्यूलमधलं मोनोटॉनिक वापरा, साधं घड्याळ नको, कारण साधं घड्याळ मध्येच सिंक होऊन पुढेमागे होऊ शकतं.

दोन खड्डे आहेत, दोन्हीत मी स्वतः पडलोय. एक, तुम्ही फक्त पॉवरऑफ या शब्दाची वाट बघत बसाल, पण मशीनची प्रोसेसच कोसळली असेल तर स्टेट येते अबॉर्टेड. मशीन बंदच आहे, तुमचा लूप मात्र शब्द जुळत नाही म्हणून ताटकळत उभा. बंद म्हणजे कायकाय याची यादी करा आणि त्यात अबॉर्टेड घाला. दुसरा खड्डा तुमच्या एररमधलाच आहे. स्टेट पॉवरऑफ झाली तरी मशीनवर असलेला सेशनचा लॉक सुटायला क्षणभर लागतो, आणि त्या क्षणात रिस्टोअर दिलं की लॉक आहे म्हणून ओरडतं. त्याच्यावर उपाय म्हणजे रिस्टोअर थोड्या थोड्या अंतराने तीन चार वेळा करून बघायचं, पण एरर लॉकचाच असेल तर. सरसकट सगळ्या एररवर पुन्हा पुन्हा प्रयत्न केला तर स्नॅपशॉटचं नाव चुकलेलं असताना पण तुम्ही पाच वेळा डोकं आपटाल आणि मग कळेल.

आता हे सगळं सांगून झाल्यावर खरं बोलतो. तुम्हाला मशीन बंद करून लगेच स्नॅपशॉटला परत जायचंय, म्हणजे आज आत जे काही झालं ते फेकूनच द्यायचंय. मग विंडोजला इतक्या आदराने निरोप कशाला देताय? घर पाडायचंच ठरलंय तर आदल्या दिवशी झाडू मारतं का कोणी? तुमच्या कामासाठी थेट पॉवरऑफ द्या, स्टेट तपासा, रिस्टोअर करा. सभ्यपणे बंद करायची कमांड त्या मशीनसाठी ठेवा जिच्यातला डेटा उद्या पाहिजे.

प्रश्न : सर, चालू करताना पण सेम लफडं आहे. स्टार्टव्हीएम हेडलेस (खिडकी न उघडता) दिलं, स्टेट रनिंग आली, मी होस्टच्या २२२२ पोर्टवरून आत एसएसएच मारतो, म्हणजे दुरून लॉगिन करतो, तर कनेक्शन लटकतं. पोर्ट उघडा आहे का हे सॉकेटने तपासलं तर उघडा दाखवतो!!
(इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, विलेपार्ले)

उत्तर : उघडा दाखवणारच रे. पोर्ट फॉरवर्डिंग नॅटवर असेल, म्हणजे आत जायची वाट व्हर्च्युअलबॉक्स काढून देत असेल, तर २२२२ वर कान लावून आतली मशीन बसलेलीच नसते, तिथे व्हर्च्युअलबॉक्स स्वतः बसलेला असतो. मशीन अजून बायोसच्या काळ्या पडद्यावर असली तरी तो तुझं कनेक्शन घेतो. बिल्डिंगच्या वॉचमनने या बसा म्हटलं म्हणजे चौथ्या मजल्यावरचे काका घरी आहेत असं होत नाही ना, तसं. तू कनेक्ट झाल्यावर समोरून पहिली ओळ वाच, एसएसएचचा सर्व्हर स्वतःहून आपली ओळख सांगतो, ती ओळ एसएसएच या अक्षरांनीच सुरू होते. ती आली की समज आतला माणूस बोलला. वाचायला टाइमआउट लाव, नाही आली तर कनेक्शन सोडून दे आणि दोन सेकंदांनी परत. आणि रनिंग म्हणजे फक्त वीज चालू झाली, आतली सिस्टिम पूर्ण उठलीय असं त्यातून कळत नाही.

प्रश्न : मी लायब्ररीत नियम ठेवलाय की स्टँडर्ड एररवर (प्रोग्रॅमच्या आउटपुटची दुसरी वाट) काहीही आलं की एक्सेप्शन टाकायचं. तर स्नॅपशॉट व्यवस्थित तयार होतो आणि तरी माझी लायब्ररी एक्सेप्शन टाकते. का??
(एक वाचक, मुलुंड)

उत्तर : एक्सेप्शनमध्ये काय मजकूर आलाय तो वाचलात का? शून्य टक्के, दहा टक्के, वीस टक्के असं काहीतरी असणार. व्हीबॉक्समॅनेज आपली प्रगती त्या स्टँडर्ड एररवरच छापतं. नाव एरर असलं म्हणून तिथे नुसत्या तक्रारीच येतात असं नाही, रेल्वेच्या लाउडस्पीकरवर पण फक्त गाडी रद्दच सांगतात असं थोडंच आहे (कधी कधी वाटतं खरं). हा नियम काढून टाका आणि आधी एक्झिट कोड बघा.

पण नुसत्या एक्झिट कोडवर पण विसंबू नका हां. व्हेग्रंट नावाचं टूल माहीत असेल, मिचेल हाशिमोटोने २०१० मध्ये काढलेलं, रुबीत लिहिलेलं, ते व्हर्च्युअलबॉक्ससाठी आतून हेच व्हीबॉक्समॅनेज चालवतं. त्याच्या सोर्स कोडमध्ये चक्क कॉमेंट आहे की कधी कधी व्हीबॉक्समॅनेज फसतं तरी एक्झिट कोड शून्यच देतं, म्हणून आउटपुटमध्ये व्हीबॉक्समॅनेज कोलन एरर कोलन असा मजकूर शोधायचा. इतकी वर्षं इतक्या लोकांनी वापरलेलं टूल हे करतंय तर आपणही करावं. म्हणजे एक्झिट कोड शून्य नसला तर फेल, आणि शून्य असून तो ठरावीक मजकूर दिसला तरी फेल. टक्के दिसले तर दिसू देत.

प्रश्न : टर्मिनलमध्ये स्क्रिप्ट चालवली की पाचही मशिनी दिसतात. रात्री क्रॉनने (ठरल्या वेळी आपोआप कामं चालवणारा प्रोग्रॅम) चालवली की यादी रिकामी. एरर पण नाही. मशिनी रात्री जातात कुठे?
(एक वाचक, वसई)

उत्तर : कुठे जात नाहीत, तुम्ही दुसऱ्याच्या घरात शोधताय. व्हर्च्युअलबॉक्सची मशिनींची नोंद प्रत्येक युजरची वेगळी असते, त्याच्या होम डिरेक्टरीत. तुम्ही क्रॉन सुडो लावून एडिट केलं असणार, म्हणजे रात्री स्क्रिप्ट रूट (सगळे अधिकार असलेला युजर) म्हणून चालते, आणि रूटच्या नावावर एकही मशीन नाही. यादी रिकामी हे त्याच्या दृष्टीने अगदी खरं उत्तर आहे म्हणून एरर नाही. स्वतःच्या युजरच्या क्रॉनटॅबमध्ये टाका. आणि क्रॉनला तुमचा पाथ माहीत नसतो, त्यामुळे व्हीबॉक्समॅनेजचा पूर्ण पत्ता द्या. लिनक्सवर व्हर्शवाल्यांना (व्हर्श ही तिथल्या केव्हीएमच्या मशिनी चालवायची कमांड) पण हाच अनुभव येतो, तिथे सेशन आणि सिस्टिम अशी दोन वेगळी कनेक्शनं असतात, एकात बनवलेली मशीन दुसऱ्यात दिसत नाही.

प्रश्न : माझ्या मशीनचं नाव विंडोज टेन टेस्ट असं आहे, मध्ये स्पेस. ओएस डॉट सिस्टिमला कमांड दिली की तो म्हणतो विंडोज नावाची मशीन नाही. कोट्स घातले तर घरच्या लॅपटॉपवर चालतं, ऑफिसच्या विंडोजवर नाही, तिथे प्रोग्रॅम फाइल्समधली स्पेस पण नडते. कोट्सच्या आत कोट्स घालून डोकं फिरलं.
(एक वाचक, लालबाग)

उत्तर : कोट्स सगळे काढून टाका. पायथनमध्ये सबप्रोसेस मॉड्यूल २.४ पासून आहे आणि त्यातलं रन हे फंक्शन ३.५ पासून, म्हणजे २०१५ पासून. त्याला एक लांबलचक वाक्य देण्याऐवजी यादी द्यायची: पहिला शब्द प्रोग्रॅमचा पत्ता, दुसरा स्टार्टव्हीएम, तिसरा मशीनचं नाव जसंच्या तसं. यादीतला एक घटक म्हणजे एक आर्ग्युमेंट, त्यात स्पेस असो की कोट असो, मध्ये शेल येतच नाही म्हणजे तोडफोड करायला कोणी नाही. शेल इक्वल्स ट्रू असं कुठे लिहिलं असेल तर ते आजच उडवा. ते ठेवलंत आणि मशीनचं नाव बाहेरून कोणी देत असेल तर नावात सेमीकोलन टाकून तो तुमच्या होस्टवर पाहिजे ते चालवू शकतो.

नावावरून आठवलं, माझी एक जुनी जखम सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी अंधेरीला एका कंपनीत होतो, तिथे टेस्टच्या मशिनींची नावं होती टेस्ट१, टेस्ट२ अशी टेस्ट१२ पर्यंत. मी मोठ्या रुबाबात स्क्रिप्ट लिहिली, यादीच्या आउटपुटमध्ये टेस्ट१ हे अक्षर सापडलं की ती मशीन बंद करून स्नॅपशॉटला न्यायची. शुक्रवारी संध्याकाळी चालवली. आता टेस्ट१ हे टेस्ट१० मध्ये पण आहे, ११ मध्ये पण, १२ मध्ये पण. टेस्ट११ वर शेजारच्या टीमच्या एका ताईंचं तीन दिवसांचं सेटअप होतं, इन्स्टॉलर, लायसन्स, डेटाबेस, सगळं हाताने घातलेलं. त्या सोमवारी आल्या, मशीन उघडली, आणि शांतपणे माझ्या डेस्कपाशी येऊन उभ्या राहिल्या. काही बोलल्या नाहीत, ते जास्त लागलं. पुढचे दोन दिवस मी त्यांच्या शेजारी बसून इन्स्टॉलरला नेक्स्ट नेक्स्ट करत होतो, दुपारचा वडापाव पण माझ्याच खिशातून.

तेव्हापासून नाव पूर्ण जुळलं तरच, आणि शक्य तिथे नाव नाहीच, यूयूआयडी, म्हणजे मशीनचा स्वतःचा ओळख नंबर. लिस्ट व्हीएम्सच्या प्रत्येक ओळीत कोट्समध्ये नाव आणि महिरपी कंसात तो लांब नंबर असतो. लायब्ररीने सुरुवातीला एकदाच नावावरून नंबर शोधावा आणि पुढच्या सगळ्या कमांडी नंबराने द्याव्यात, म्हणजे मध्येच कोणी मशीनचं नाव बदललं तरी तुमचा हात भलतीकडे पडत नाही.

प्रश्न : केव्हीएमवर काम करायला लागलेय. डॉक्युमेंटमध्ये मशीन बंद करायला व्हर्श डिस्ट्रॉय लिहिलंय. टाइप करायचं धाडसच होत नाही. डिस्क उडाली तर?
(एक वाचक, परळ)

उत्तर : नाही उडत ताई. नाव भयंकर आहे पण डिस्ट्रॉय म्हणजे वायर उपटणं, तेवढंच. मशीनची नोंद खोडते ती अनडिफाइन. सभ्यपणे बंद करायला शटडाउन आहे, आणि त्याला वर डोंबिवलीकरांना सांगितलेलं सगळं लागू, निरोप देऊन परत येते. लायब्ररी लिहिताना त्या फंक्शनला डिस्ट्रॉय नाव देऊ नका, फोर्स ऑफ असं काहीतरी ठेवा, तुमच्यानंतर येणाऱ्याच्या छातीत धडकी नको.

व्हर्शचं आउटपुट वाचताना मात्र सांभाळा. लिस्ट डॅश डॅश ऑल दिलं की तक्ता येतो, आणि बंद मशीनची स्टेट शट ऑफ अशी दोन शब्दांत असते, म्हणजे स्पेसवर तोडून तिसरा शब्द घेतला की तुमच्या हातात नुसतं शट राहतं. नुसती नावं पाहिजेत तर डॅश डॅश नेम लावा आणि स्टेट वेगळी डोमस्टेटने विचारा. शिवाय व्हर्श तुमच्या मशीनच्या भाषेत बोलतं. त्याच्यामागे जी लिबव्हर्ट आहे तिच्या भाषांतरांच्या फाइलींत मराठीची पण फाइल आहे बरं का, वाचायला कौतुक वाटतं, पण इंग्रजी शब्द शोधणाऱ्या स्क्रिप्टचं मग काय होणार. म्हणून सबप्रोसेसला एन्व्हायर्नमेंट देताना एलसी ऑल ही भाषेची सेटिंग सी करून टाका, म्हणजे ती स्क्रिप्टशी इंग्रजीतच बोलेल आणि तुमच्या टर्मिनलवर पाहिजे तर मराठीत.

प्रश्न : तुम्ही सगळ्यांना कमांड लाइनवर चढवताय पण एपीआय (कोडमधून प्रोग्रॅमशी थेट बोलायची सोय) असताना हे उलटं काम नाही का? दुसऱ्याचं आउटपुट वाचत बसणं हे प्रोग्रॅमिंग आहे का टाइमपास?
(एक वाचक, बोरिवली पश्चिम)

उत्तर : प्रश्न टोचणारा आहे पण बरोबर आहे. केव्हीएमच्या बाबतीत तुमचं ऐकतो. लिबव्हर्ट ही मुळात लायब्ररीच आहे, व्हर्श हे तिच्यावर बसवलेलं टूल, आणि तिची पायथनची बाइंडिंग (पायथनमधून ती थेट वापरायची सोय) चांगली आहेत. वीस पन्नास मशिनी सांभाळायच्या असतील तर व्हर्शचं आउटपुट वाचत बसणं हे हातात फोन असताना माणूस धाडून निरोप पाठवण्यासारखं, बाइंडिंग वापरा, मशीनची स्टेट बदलली की ती स्वतःहून कळवतात सुद्धा.

व्हर्च्युअलबॉक्सचं गणित मला वेगळं वाटतं. त्याचा एपीआय आहे, मोठा आहे, पण विंडोजवर कॉम, इतर ठिकाणी एक्सपीकॉम, त्याची एसडीके (डेव्हलपरसाठीचं किट) बसवा, पायथनच्या व्हर्जनशी जुळवा, आणि टीममधल्या चार लॅपटॉपवर चार व्हर्जनं असली की तुमचा आठवडा गेला. जानेवारी २००७ मध्ये इनोटेक या जर्मन कंपनीने व्हर्च्युअलबॉक्स बाहेर काढलं, २००८ ला सन मायक्रोसिस्टिम्सने ती कंपनी घेतली, २०१० ला सनच ओरॅकलकडे गेली. इतके मालक झाले पण लिस्ट व्हीएम्स आणि स्टार्टव्हीएम आज पण तशाच टाइप करायच्या. पाच मशिनींसाठी दीडशे दोनशे ओळींची पातळ लायब्ररी मला पुरते आणि उद्या बिघडली तर तीच कमांड मी टर्मिनलमध्ये हाताने चालवून बघू शकतो, हा फायदा एपीआयमध्ये नाही. व्हीएमवेअर वर्कस्टेशन या तिसऱ्या प्रोग्रॅमवाल्यांना व्हीएमरन ही कमांड आहे, ते मशीनच्या नावाऐवजी तिच्या व्हीएमएक्स फाइलचा अख्खा पत्ता मागतं, आणि यादी मागितली की पहिली ओळ चालू मशिनींच्या संख्येची असते, ती सोडून द्यायची, नाहीतर टोटल रनिंग नावाची एक भुताची मशीन तुमच्या यादीत येते.

आउटपुट वाचणं हे प्रोग्रॅमिंग आहे का, तर आहे. फक्त माणसांसाठी काढलेला तक्ता वाचायचा नाही, मशीनसाठी दिलेलं रूप जिथे आहे तिथे तेच मागायचं.

प्रश्न : ४० जीबीची मशीन, तिचा फोल्डर १७० जीबी झालाय. रोज रात्री स्क्रिप्ट स्नॅपशॉट काढते. जुन्या फाइली डिलीट करू ना? आणि स्नॅपशॉट डिलीटची कमांड द्यायला गेलो तर माझ्या लायब्ररीचा साठ सेकंदांचा टाइमआउट लागतो.
(एक वाचक, मीरा रोड)

उत्तर : फाइलींना हात लावू नका!! प्रत्येक स्नॅपशॉटनंतरचे बदल वेगळ्या फाइलीत जातात आणि ती फाइल तिच्या आधीच्या फाइलीवर उभी असते, जुन्या चाळीसारखं, खालची एक भिंत काढली की वरचं सगळं खाली. स्नॅपशॉट कमांडनेच डिलीट करायचा, तेव्हा दोन फाइली एकमेकींत मिसळल्या जातात, त्याला वेळ लागतो आणि त्या वेळेपुरती डिस्कवर जागा पण लागते. आधी जागा करून घ्या, दुसऱ्या एखाद्या डिस्कवर काहीतरी हलवा, मगच सुरू करा.

आणि सगळ्या कमांडींना एकच टाइमआउट लावणं चूक आहे. स्टेट विचारायला दहा सेकंद भरपूर, स्नॅपशॉट डिलीटला अर्धा तास पण कमी पडू शकतो. टाइमआउट लागला की सबप्रोसेस तुमचं व्हीबॉक्समॅनेज मारून टाकतो, पण खरं काम करणारी प्रोसेस वेगळीच असते, व्हीबॉक्सएसव्हीसी नावाची, ती मागे चालू असू शकते. म्हणजे तुमच्याकडे फेल दिसतंय आणि मागे काम चाललंय, आणि तुम्ही घाईघाईने परत तीच कमांड देताय. टाइमआउट झाल्यावर आधी स्नॅपशॉटची यादी मागवा, मग ठरवा.

प्रश्न : नवीन एम सिरीजचा मॅक घेतला, त्यावर जुनी विंडोज एक्सपीची मशीन आणली, चालूच होत नाही. लायब्ररीचा बग आहे का?
(एक वाचक, दादर)

उत्तर : लायब्ररी बिचारी निर्दोष आहे. तुमच्या मॅकचा प्रोसेसर एआरएमचा, एक्सपी इंटेलच्या जातीसाठी. व्हर्च्युअलबॉक्स ७.१ पासून त्या मॅकवर चालतो पण आत एआरएमच्याच सिस्टिमा चालवतो. क्यूईएमयू नावाच्या प्रोग्रॅमने दुसरा प्रोसेसर भासवता येतो, हळू चालेल. त्या एका मशीनसाठी जुना इंटेलचा लॅपटॉप कपाटात असेल तर तोच काढा.

प्रश्न : काका, माझा लॅपटॉप ४ जीबीचा आहे, त्यावर एक मशीन चालू केली तरी पंखा विमानासारखा ओरडतो. मला लायब्ररी लिहायला शिकायचंय पण मशीनच चालवता येत नाही. पप्पा म्हणतात दिवाळीपर्यंत थांब.
(बी.एससी. आयटी पहिलं वर्ष, कांजूरमार्ग)

उत्तर : थांबायची गरज नाही, मशीन नकोच आहे तुला. लायब्ररी लिहिताना व्हीबॉक्समॅनेजचा पत्ता कोडमध्ये ठोकून ठेवू नकोस, बाहेरून देता येईल असा ठेव. मग वीस ओळींची एक नकली स्क्रिप्ट लिही, तिला लिस्ट व्हीएम्स म्हटलं की ती दोन खोट्या ओळी छापते, शोव्हीएमइन्फो म्हटलं की पहिल्या तीन वेळा व्हीएमस्टेट रनिंग सांगते आणि चौथ्या वेळी पॉवरऑफ. खरं आउटपुट कसं दिसतं ते कॉलेजच्या लॅबमध्ये एकदा फाइलीत साठवून पेनड्राइव्हवर आण, तेच नकलीला छापायला दे. आता तुझी लायब्ररी त्या नकलीवर सोड. हिचा मोठा फायदा असा की हिला पाहिजे तसं वाईट वागायला सांगता येतं. एकदा अबॉर्टेड सांगायला लाव, एकदा स्टँडर्ड एररवर नुसते टक्के छापायला लाव, एकदा एरर छापून एक्झिट कोड शून्य द्यायला लाव, एकदा पाच मिनिटं काहीच न बोलता झोपायला लाव. खरी मशीन हे सगळं एका दुपारी करून दाखवत नाही, ती नेमकं रिलीजच्या दिवशी करते.

पंख्यासाठी लॅपटॉपखाली दोन वह्या सरकव, मधून हवा जाऊ दे.